मामाजींना वीतभर सरकवताना

सायकल म्हणजे काय, याची व्याख्या आमच्या नगर परिषदेने कुठे लिहून ठेवलेली नाही. पण तिच्या मनात ती पक्की आहे. सायकल म्हणजे दोन चाकं आणि त्यांवर बसलेला एक धडधाकट पुरुष, शक्यतो टोपी घातलेला, सकाळच्या उन्हात, फोटोत. या व्याख्येत न बसणारी वस्तू ही सायकल नसून अडचण असते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. व्याख्या चुकली की पुढचं सगळं गणित चुकतं, हे सांगण्यात माझी अर्धी नोकरी गेली. मी कमी बोलते आणि हळू बोलते, मागच्या बाकावरून "मॅडम, आवाज!" अशी ओरड रोज होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुलावरच्या प्रकरणात गावंडे मॅडमनं लई आरडाओरडा केला असं गावात बोललं जातं. मी आरडाओरडा केलेला नाही. मला राग आला होता. तो अजून आहे.

आमच्या गावाच्या मधून एक नाला जातो. हायवेचा नवा पूल झाला तेव्हा नाल्यावरचा जुना पूल रिकामा पडला. नगर परिषदेने त्याला रंग दिला, सौर दिवे लावले (त्यातले काही लागतातही) आणि निळी पाटी ठोकली: 'सायकल मार्ग'. मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून गावाकडच्या तोंडाशी सिमेंटचे दोन खांब रोवले. आता होतं असं, की मोटारसायकलवाला हँडल जरा तिरपं करतो, पाय टेकवतो आणि आरामात आत जातो. बकऱ्या जातात. एकदा तर नवरदेव घोड्यासकट गेलेला मी पाहिला आहे. जात नाही ती एकच वस्तू: कोकिळाची सायकल.

कोकिळा आमच्या मागच्या गल्लीत राहते. लहानपणी पोलिओ झाल्याने तिचे दोन्ही पाय कामाचे नाहीत. तिची सायकल तीन चाकांची आहे, पेडल हाताने फिरवायचं. मागे तिने वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याची मोठी पेटी बसवून घेतली आहे. त्या पेटीत भाकरी, वरण, भाजीचे डबे भरून ती पुलापलीकडच्या मुलींच्या वसतिगृहात नेते. झरी जामणीकडच्या, केळापूरकडच्या मुली तिथे राहून आमच्या कॉलेजात शिकतात, आणि माझ्या तासाला जागं राहण्याइतकी ताकद त्यांच्यात येते ती कोकिळाच्या भाकरीने. तेव्हा हा विषय माझ्या विषयाच्या बाहेरचा नाही.

खांब झाल्यापासून ती हायवेवरून जात होती. वणीकडून येणारे कोळशाचे ट्रक तिथे कोणाला ओळख देत नाहीत. दसऱ्याच्या आसपास एका ट्रकने तिच्या पेटीला मागून घासलं. पेटीचं झाकण गेलं, वरण डांबरावर वाहिलं, भाकऱ्या टायरखाली गेल्या. कोकिळा वाचली, कारण ती सायकलसकट कडेच्या तुरीच्या शेतात गेली. संध्याकाळी ती आमच्या फाटकात आली तेव्हा केसांत तुरीचा पाला होता.

"मॅडम," ती म्हणाली, "आज पोट्ट्या उपाशी हायेत. अन् त्या वसतिगृहाच्या बाई म्हनते, दिवाळीच्या सुट्टीनंतर तुमचा डबा बंद. तिकडच्याच मेसवाल्याले देतो. मी म्हटलं, बाई, पुलावरून आली तं पाच मिन्टात येतो. तं म्हनते, मग ये ना पुलावरून, तुले कोनं अडवलं?"

तिला कोणी अडवलं ते पाहायला मी दुसऱ्या दिवशी मोजपट्टी घेऊन पुलावर गेले. दोन खांबांमुळे पुलाच्या तोंडाशी तीन फटी झाल्या होत्या, तिन्ही सारख्या, आणि तिन्ही कोकिळाच्या सायकलीपेक्षा जेमतेम चार बोटं कमी. खांब पाडायची गरजच नव्हती. पाडला तर ऑटो शिरले असते. दोनपैकी कोणताही एक खांब वीतभर बाजूला सरकवला की एक फट रुंद होणार होती. कोकिळा जाईल, ऑटो जाणार नाही. नववीतला मुलगा सोडवेल असं हे गणित होतं. म्हणून मी मूर्खासारखी समजले, की हे सुटेल.

पुलाच्या तोंडाशी रामलालची चहाची टपरी आहे. मी वाकून मोजते आहे हे पाहताच चार माणसं उठून आली. आमच्या गावात काम करणारा माणूस दिसला की सल्ला देणारे आपोआप जमतात. लोहचुंबक आणि लोखंडाचा कीस यांच्यात एवढी ओढ नसते.

"मॅडम, सायकल कापून बारीक करा लागते," रामलाल म्हणाला. "एक चाक काढून टाका."

"म्हणजे ती पडेल," मी म्हणाले.

"सवय होते ना!"

एका पेन्शनर काकांनी सुचवलं की कोकिळाने खांबाशी उतरावं, दोघांनी सायकल आडवी करून पलीकडे न्यावी, आणि दोघांनी कोकिळाला न्यावं. चौघांचा बंदोबस्त रोज दोन वेळा कोण करणार, यावर काका म्हणाले की तरुण पिढीत सेवाभाव राहिलेला नाही. तिसऱ्याने सरळच विचारलं, "पन तिले जायाचं कायले बाहेर? घरी बसून पापड-गिपड करा ना."

पाहा. सिमेंटचा खांब वीतभर हलवण्यापेक्षा बाईने वीतभर कमी व्हावं, हे सगळ्यांना सोपं वाटत होतं. मी मोजपट्टी गुंडाळली. माझा आवाज लहान असल्यामुळे मी काय पुटपुटले ते कोणाला ऐकू गेलं नाही. बरंच झालं.

नगर परिषदेतले अभियंते पूनमसिंग राठोड हे सज्जन गृहस्थ आहेत. ते पुसदचे, शुक्रवारी दुपारपासून त्यांचं मन पुसदला असतं आणि सोमवारी दुपारी परत येतं. मी मंगळवारी गेले. मी काढलेली आकृती त्यांनी फार आदराने पाहिली, उलटी धरून.

"मॅडम, एकदम बरोबर हाय. पन खांब आमचा नाही."

"पुलावर तुमची पाटी आहे."

"पाटी आमची. पूल बांधकाम विभागाचा. रंग आमचा. दिवे एका योजनेतले. खांब देणगीतले."

"खांब देणगीत मिळतात?"

"आता काय सांगू मॅडम. आपल्या गावात लोकाईले स्मरणार्थ काही ना काही द्या लागते. बाकं संपले. पाण्याच्या टाक्या संपल्या. स्मशानातल्या शेडचा एकेक खांब गेला. मग लोक म्हनाले आम्हाले बी काही द्या, तं हे दोन खांब काढले." त्यांनी हात जोडले. "देणगीदाराची ना-हरकत आणा, उद्या सरकवतो."

"देणगीदार कोण?"

"खांबावर लिहून असन ना. पुलाकडच्या बाजूनं."

खांबांची पुलाकडची बाजू मी पाहिलीच नव्हती. एका खांबावर गिट्टीची खदान आणि कापसाचं जिनिंग चालवणारे देवीलाल शेठ यांच्या मातोश्रींचं नाव होतं, स्वच्छ, ग्रॅनाइटवर. दुसऱ्यावर जाहिराती चिकटल्या होत्या. मी घरून गरम पाणी आणि उलथणं आणलं. रामलालच्या टपरीवरचे सगळे उठून आले. सर्वांत वर स्पर्धा परीक्षेचा क्लास होता. त्याखाली 'मूळव्याध, भगंदर, एकाच भेटीत'. त्याखाली कापसाच्या बियाण्याचा कोणी वाण, त्याखाली पुन्हा मूळव्याध. थरांवरून काळ ओळखत मी खाली खाली जात होते, भूगर्भशास्त्रज्ञासारखी, आणि मग उलथण्याखाली संगमरवर लागला.

'स्व. सदाशिवराव गावंडे यांच्या स्मरणार्थ. मारोतराव, इंद्रजित आणि परिवार.'

सदाशिवराव गावंडे हे माझे सासरे, आमच्याकडच्या बोलीत मामाजी. मारोतराव माझे भासरे, म्हणजे मोठे दीर. इंद्रजित हे माझे पती. आणि त्या 'परिवारा'त मी होते.

"अरे! हे तं तुमचेच मामाजी निघाले मॅडम!" रामलाल आनंदाने ओरडला. मी उलथणं पिशवीत टाकलं. शेजारच्या बाईची वाट कोणी अडवली म्हणून मी ज्याच्यावर आठवडाभर चिडले होते, तो आमच्याच घरचा निघाला, आणि हे मला बारा बघ्यांच्या साक्षीने कळलं. त्या दिवसापासून कोकिळा त्याला 'तुमचा खांब' म्हणू लागली. "मॅडम, तुमच्या खांबाचं काय झालं?" असं ती फाटकातून विचारायची.

घरी इंद्रजित वर्तमानपत्र वाचत होते.

"पुलावरचा खांब आपण दिला?"

"हो, ते दादानं केलतं. तुले सांगितलं नव्हतं का?"

"नाही."

"मग राहून गेलं असन." आणि पान उलटलं. नंतर ते जे म्हणाले, ते आमच्या संसारातलं सर्वांत जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य आहे: "दादाले विचारा लागन."

दादाला विचारण्यात एक तांत्रिक अडचण आहे. आमच्या घरात धाकटी सून भासऱ्यांशी समोरासमोर बोलत नाही. मी पदर घेत नाही, स्कूटर चालवते, बोर्डाचे पेपर तपासते. पण भासरे आले की माझं बोलणं इंद्रजितमार्फत जातं. आम्ही तिघं एकाच खोलीत बसतो, मी बोललेलं भासऱ्यांना स्वच्छ ऐकू येतं, तरी ते इंद्रजितकडे पाहून थांबतात, आणि इंद्रजित ते पुन्हा सांगतात. या वहनात बरीच ऊर्जा वाया जाते.

"त्यांना सांगा," मी म्हणाले, "की खांबामुळे एक बाई ट्रकखाली जाता जाता वाचली. खांब वीतभर सरकवायलाच हवा."

"दादा," इंद्रजित म्हणाले, "निशिगंधा म्हनते, खांब छान हाय. पन थोडासा इकडंतिकडं झाला तं चालते का, असं."

भासऱ्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. "बाबांले सरकवायचं?"

"खांबाला," मी म्हणाले.

"बाबांले नाही, खांबाले," इंद्रजित म्हणाले.

"बाबा पूर्वेकडे तोंड करून उभे हायेत. मी महाराजाले विचारून उभं केलं त्याइले. दरवर्षी पुण्यतिथीले मी तिथं हार घालतो, नारळ फोडतो. तुले काय वाटते, मी सकाळी नाल्यावर हवा खायाले जातो?" हे त्यांनी इंद्रजितला विचारलं, पण माझ्या दिशेला पाहून. "देवीलालची माय जागच्या जागी राहीन अन् आमचा बाप सरकन? लोक काय म्हनतीन, गावंड्याचा बाप हलका होता?"

मामाजींच्या नावावर मूळव्याधीचे दोन थर चढले होते तेव्हा त्यांच्या वजनात काही फरक पडला नव्हता का, हे मला विचारायचं होतं. पण इंद्रजितने ते कसं पोचवलं असतं याचा अंदाज होता.

दुसरा मार्ग देवीलाल शेठचा. कोणताही एक खांब सरकला तरी चालणार होतं. शेठजींनी पाणी विचारलं, चहा विचारला आणि म्हणाले, "मॅडम, तुमचे मामाजी सरकत नाहीत तं आमची माय कायले सरकन? तुमचे सरकू द्या, मग आम्ही इचार करू." म्हणजे दोन मृत माणसांपैकी आधी कोणी हलायचं, यावर एका जिवंत बाईचं हायवेवरून जाणं-येणं ठरत होतं. मी चहा घेतला नाही.

यानंतर मी जे केलं त्याला भासरे 'बाहेर बोभाटा' म्हणतात. मी फक्त पूनमसिंगांना पाहणी करायला सांगितलं. पाहणी म्हणजे चार माणसं येतील असं मला वाटलं. नगर परिषदेने तिचं 'प्रात्यक्षिक' केलं. खुर्च्या आल्या. एक वार्ताहर आला. कोकिळाला सायकलसह बोलावण्यात आलं, ती सायकल जात नाही हे सिद्ध करण्यासाठी. मोजपट्टी माझ्या पिशवीत होती. ती कोणी मागितली नाही.

कोकिळा फटीपर्यंत आली आणि थांबली. "नाही जात," ती म्हणाली.

"थोडा जोर लावा ना बाई," एक सदस्य म्हणाले.

"जोर लावून चाकं बारीक होतेत का, भाऊ?"

"पन प्रयत्न दिसला पायजे."

तिने प्रयत्न दाखवला. डावं चाक मामाजींना लागलं, उजवं देवीलालच्या मातोश्रींना. मग उत्साहाच्या भरात दोन कार्यकर्त्यांनी मागून ढकललं, आणि सायकल फटीत पक्की बसली, ना मागे ना पुढे. एकाने कोकिळाला न विचारता काखेत हात घालून उचलायला सुरुवात केली. तिने त्याच्या हातावर अशी चापट मारली की आवाज टपरीपर्यंत गेला.

"मी काय कापसाची गाठ हावो का बे, उचलाले? मले हात लावायचा नाही. खांबाले लाव!"

खांबाला कोणीच हात लावला नाही. सायकलीच्या चाकांतली हवा सोडून ती मागे ओढून काढली. कोकिळा समोर बघत बसून होती. इतका वेळ इतके लोक आपल्याकडे बघत असताना बसून राहणं काय असतं, ते मला त्या दिवशी तिच्या मानेवरून कळलं.

दुसऱ्या दिवशी बातमी आली: 'पुलावर दिव्यांग महिला अडकली, कार्यकर्त्यांच्या सतर्कतेने सुटका'. बातमीचा परिणाम झाला. आमची नगर परिषद बातम्यांना फार घाबरते. दोनच दिवसांत पुलावर 'सायकल मार्ग' या निळ्या पाटीखाली नवीन लाल पाटी लागली: 'तीनचाकी वाहनांस सक्त मनाई'.

एवढ्या चपळाईने या गावात काम होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. वीतभर खांब हलवायला महिना पुरला नाही, आणि एका बाईला बेकायदेशीर ठरवायला दोन दिवस पुरले. मी पूनमसिंगांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, पुढचा अनर्थ टाळाले पायजे ना." तो शुक्रवार होता. मागे बसचा हॉर्न ऐकू येत होता.

कोकिळा संध्याकाळी आली. फाटकातून आत शिरताना तिची सायकल कधी अडत नाही. आमचं फाटक मोठं आहे. "मॅडम," ती म्हणाली, "आता तुमी सोडा. पयले मी नुसती जात नव्हती. आता मले मनाई हाय. अजून तुमी माही मदत केली तं मले पोलीस धरून नेतीन."

ती हसून बोलली. मला हसू आलं नाही. वसतिगृह चार दिवसांत उघडणार होतं.

आणि मधे मामाजींची पुण्यतिथी होती.

माझ्या सासूबाई, मथुराबाई, आमच्याकडे राहतात. गुडघे गेले आहेत. खाटेवरून ओसरीपर्यंत आणि ओसरीवरून खाटेपर्यंत एवढंच त्यांचं जग. पण कानांना काही झालेलं नाही. महिनाभर घरात 'बाबांले सरकवायचं, बाबांले नाही सरकवायचं' चाललेलं त्या ऐकत होत्या.

"निशे," त्या म्हणाल्या, "कुठं उभं केलं यायनं त्याइले? मले कोनी दाखवलंच नाही. यंदा मी येतो हार घालाले."

"ऑटो सांगतो," इंद्रजित म्हणाले.

"ऑटोत माहा पाय वाकत नाही. मागच्या बारीले दवाखान्यात नेलं तं दोन दिवस ओरडली मी."

तेव्हा मी सुचवलं की कोकिळाच्या सायकलीच्या पेटीवर फळी आणि गादी टाकली तर आईंना पाय लांब करून बसता येईल. यात माझा डाव होता असा आरोप भासऱ्यांनी नंतर केला. होता.

अशी आमची मिरवणूक निघाली. पुढे हातांनी पेडल मारणारी कोकिळा, मागे गादीवर पाय पसरून, मांडीवर झेंडूचा हार घेतलेल्या सासूबाई, बाजूने मी. सासूबाई कितीतरी दिवसांनी बाहेर निघाल्या होत्या आणि दिसेल त्याला हाक मारत होत्या. "अवो उकंड्याची माय! जित्ती हाय का अजून?" पुलाजवळ भासरे पांढरा सदरा घालून खांबापाशी उभे होते, नारळ घेऊन. देवीलाल शेठही आले होते. आपल्या मातोश्रींच्या बाजूला काही गडबड होऊ नये म्हणून. टपरीवरचे होतेच.

कोकिळाने सायकल खांबांपर्यंत नेली आणि थांबवली.

"काहून थांबली?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही जात आत, काकू. अन् गेली तं मनाई हाय."

"मंग यांचं तोंड कुठं हाय?"

"पलीकडून, आई," भासरे म्हणाले. "पूर्वेकडे. तू असं कर, उतर, अन् दोन पावलं चालून ये."

"गुडघे तू देतं का?"

सासूबाईंच्या समोर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची खांबाची पाठ होती. त्यांनी हार हातात धरून ती पाठ खालून वर पाहिली. मला वाटलं आता रडतील. भासऱ्यांनाही वाटलं; त्यांनी रुमाल काढला.

"मारोत्या," त्या म्हणाल्या, "लगन होऊन आली तवापासून हा मानूस माह्या वाटेत उभा हाय. माहेरी जातो म्हटलं का दारात उभा. बहिनीच्या लग्नाले जातो म्हटलं तं दारात उभा. शाळेत बायांचा वर्ग निघाला, मी पाटी घेऊन निंगाली, तं दारात उभा. बोलायचे नाही कधी. नुसते उभे. म्या म्हटलं मेले, आता तरी वाट मोकळी झाली. तं तुनं सिमेंटचे करून उभे केले!"

रामलालच्या स्टोव्हवरचं दूध उतू गेलं. कोणी तिकडे पाहिलं नाही.

"आई, लोक ऐकून राह्यले…"

"ऐकू दे. सरकव त्याइले."

भासऱ्यांनी इंद्रजितकडे पाहिलं. इंद्रजितने माझ्याकडे पाहिलं. त्यांचा निरोप्याचा स्वभाव. कोणी काही पाठवलं तर पुढे न्यावं, एवढंच त्यांना सुचतं. तेव्हा मी थेट भासऱ्यांकडे पाहून, लग्नानंतर पहिल्यांदा, मागच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात बोलले:

"दादाजी, आईंनी सांगितलेलं ऐकू आलं ना?"

हाच तो आरडाओरडा.

भासऱ्यांनी तिथेच ना-हरकत लिहून दिली. देवीलाल शेठना आपल्या मातोश्री जागच्या जागी राहिल्याचा आनंद झाला, त्यांनी पेढे मागवले. आता फक्त खांब सरकवणं बाकी होतं. पण सोमवारी पूनमसिंगांनी सांगितलं की दरपत्रकात 'खांब काढणे' आहे, 'खांब बसवणे' आहे, 'खांब सरकवणे' असं कामच नाही. म्हणून सध्या काढणार; नवीन बसवण्याचं पुढच्या सभेत पाहणार. आणि काढलेला खांब देणगीतला असल्यामुळे देणगीदाराला सन्मानपूर्वक परत.

खांब निघाला. वसतिगृह उघडलं त्या सकाळी कोकिळा पुलावरून गेली आणि मुली जेवल्या. हे झालं, हे मी नाकारत नाही. तिच्या मागोमाग ऑटोही जाऊ लागले, आणि लाल पाटी अजून तिथेच आहे, त्यामुळे मनाई मोडून रोज दोन वेळा जाणारी आमच्या गावातली सर्वांत जुनी गुन्हेगार म्हणजे कोकिळा. ती मात्र आता लाल पाटीखाली घंटी वाजवते.

कोकिळा पुलावरून गेली त्या दिवशी मी कॉलेजातून परतले तर आमच्या घरापुढे ट्रॅक्टर उभा होता. सन्मान उरकला होता. भासऱ्यांनी मिस्त्री आणला होता, आणि मामाजी आमच्या फाटकाच्या बरोबर मधोमध, पूर्वेकडे तोंड करून, सिमेंटमध्ये उभे होते. दोन्ही बाजूंच्या फटी मला मोजायची गरज पडली नाही. स्कूटर गेली असती.

"कोपऱ्यात का नाही?" मी इंद्रजितना विचारलं.

"म्या म्हटलं दादाले. तं म्हनते, बाबांले कोपऱ्यात ठेवता का? घरचे कर्ते होते." ते जरा खाकरले. "तू म्हणशील तं दादाले विचारतो."

भासरे मिस्त्रीला घेऊन निघून गेले होते. मागच्या गल्लीतून घंटी ऐकू आली. कोकिळा डबे पोचवून, पेटीत सासूबाईंसाठी भाकरी घेऊन येत होती. फाटकाशी ती थांबली. डावं चाक खांबाला टेकलं. तिने खांबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मागे वळायला हात पेडलवर ठेवला. एवढं सगळं झाल्यावर तिचं मागे वळणं मला सहन झालं नाही.

मी आत गेले आणि मागच्या अंगणातली सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, उचलून आणली. तरफेचा नियम मी दरवर्षी शिकवते: भुजा लांब असली की जोर कमी लागतो. विटेचा टेकू दिला, सब्बलीचं टोक खांबाच्या बुडाशी घातलं.

"अगं, दादाले…" इंद्रजित म्हणाले.

"ओलंच हाय, मॅडम," कोकिळाने सायकलवरून वाकून सिमेंटमध्ये बोट घालून पाहिलं. "माह्याकडून ढकला. मी इकडून धरतो, आडवे नाही झाले पायजे."

मी सब्बलीवर भार टाकला. खांब जरा कुरकुरला आणि ओल्या सिमेंटमधून, उभ्याचा उभा, पूर्वेकडचं तोंड न हलवता, सरकला. कोकिळाने बाजूचा चिखल हाताने दाबून दिला. मग ती मागे गेली, हातपेडल फिरवलं, आणि तिन्ही चाकं आत आली.

ओसरीवरून सासूबाई पाहत होत्या.

"सरकले का?"

"सरकले, आई. वीतभर."

"एवढंच तं होतं," त्या म्हणाल्या, आणि भाकरीसाठी हात पुढे केला.